मेंदूचे उद्दीपन : रुग्णालयातून घरात



डोकेदुखी ही माणसाची फार जुनी व्याधी आहे आणि तिच्यावर विजेचा उपयोग करण्याची कल्पनाही तितकी नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये स्क्रिबोनिअस लार्गस नावाचा एक वैद्य होऊन गेला. जुनाट डोकेदुखीवर त्याने एक विलक्षण उपाय सांगून ठेवला आहे. समुद्रातील जिवंत वीजमासा दुखऱ्या जागेवर ठेवावा आणि ती जागा बधिर होईपर्यंत तो तेथेच राहू द्यावा, असा तो उपाय होता. विजेचे स्वरूप त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु माशाच्या स्पर्शाने वेदना थांबते, एवढे अनुभवाने कळले होते. या उपायासाठी रुग्णालय लागत नव्हते, यंत्र लागत नव्हते. मात्र त्यात एका गोष्टीची उणीव होती. वीज किती द्यावयाची, कोणाला द्यावयाची आणि कोणाला मुळीच द्यावयाची नाही, हे ठरविण्याचे साधन त्या वैद्याजवळ नव्हते. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेली घरी वापरावयाची उपकरणे याच उणिवेपाशी येऊन थांबतात. आजही खरा प्रश्न वीज निर्माण करण्याचा नसून तिची मात्रा सांभाळण्याचा आहे.

या प्रश्नाचा विचार लखनौमध्ये करण्यास सबळ कारण आहे. या शहराच्या रायबरेली मार्गावर संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. 2013 साली तेथील मज्जाविकारतज्ज्ञ उषाकांत मिश्र, जयंती कलिता आणि त्यांचे सहकारी यांनी अर्धशिशीवरील, म्हणजेच मायग्रेनवरील, एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिन्यातून चारपेक्षा अधिक वेळा अर्धशिशी उठणारे शंभर रुग्ण या प्रयोगासाठी निवडण्यात आले होते. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले गेले. एका गटाच्या डोक्यावर चुंबकीय स्पंदांचा खरा उपचार करण्यात आला. दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा, परंतु लटका उपचार मिळाला. खऱ्या उपचारात सेकंदाला दहा या वेगाने एकूण सहाशे स्पंद, मध्ये विश्रांती घेत, सुमारे सात मिनिटांत दिले जात. अशी तीन सत्रे एक दिवसाआड झाली. महिन्यानंतर पाहता खरा उपचार झालेल्यांपैकी 78.7 टक्के रुग्णांच्या अर्धशिशीची वारंवारता निम्म्याहून अधिक घटली होती. लटक्या उपचाराच्या गटात हेच प्रमाण 33.3 टक्के होते. खऱ्या उपचारानंतर एका रुग्णाला तात्पुरती गुंगी आली, म्हणून त्याला प्रयोगातून वगळण्यात आले.

हे दोन्ही आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिल्या आकड्यातून उपचाराचे सामर्थ्य कळते. दुसरा आकडाही तितकाच बोलका आहे. प्रत्यक्षात काहीही उपचार झालेला नसताना तिघांपैकी एका रुग्णाला भरीव आराम वाटला. घरगुती उपकरणांचा विचार करताना या गोष्टीकडे पुन्हा वळावे लागेल.

आता या यंत्राचे कार्य कसे चालते, ते पाहू. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे याने 1831 साली दाखवून दिले. शाळेतील विद्यार्थ्यांना हा नियम ठाऊक असतो. 1985 साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच नियम मानवी मेंदूला लागू केला. तांब्याच्या तारेचे वेटोळे डोक्यावर धरून त्यातून क्षणभर अतिशय प्रबळ प्रवाह सोडला, की चुंबकीय क्षेत्र कवटीतून सहज आरपार जाते आणि खालच्या चेतापेशींत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न करते. त्वचेला चिरा द्यावा लागत नाही की भूल द्यावी लागत नाही. रुग्ण जागा असतो, बोलत असतो. वेटोळे नेमक्या जागी आले, की त्याच्या हाताचे बोट आपोआप हलते.

परंतु वेटोळ्यातील हा प्रवाह हजारो अँपिअरचा असतो. तो साठविण्यासाठी मोठी धारित्रे लागतात, वेटोळे तापते म्हणून ते थंड ठेवण्याची व्यवस्था करावी लागते आणि प्रत्येक रुग्णासाठी योग्य जागा व योग्य जोर शोधून काढणारा प्रशिक्षित माणूस लागतो. म्हणून हे यंत्र रुग्णालयातच राहते आणि रुग्णाला त्याच्याकडे जावे लागते.

हे जाणे-येणे सोपे नसते. लखनौपासून बहराइच सुमारे सव्वाशे किलोमीटर, तर गोरखपूर अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. एक दिवसाआड तीन सत्रे म्हणजे किमान पाच दिवसांचा मुक्काम आला. रुग्ण स्त्री असेल, तर सोबत घरातील एखादा पुरुष येतो आणि त्याची मजुरी बुडते. घरी मुले शेजाऱ्यांवर सोपवावी लागतात. अर्धशिशीने हैराण झालेल्या माणसाला गाडीतील गोंगाट, ऊन आणि जागरण हीच नव्या दुखण्याची निमंत्रणे ठरतात. लखनौच्या त्याच संस्थेतील संशोधकांनी 2016 साली तीन सत्रांची तुलना एकाच सत्राशी केली आणि एका सत्राचा परिणामही तीन सत्रांच्या तोडीचा आढळला. शास्त्रीय भाषेत हा मात्रेचा अभ्यास होय. रुग्णाच्या भाषेत बोलावयाचे तर दोन फेऱ्या वाचण्याची ती शक्यता होती. मग पुढचा प्रश्न ओघानेच येतो. उरलेली फेरीही वाचविता येईल काय? उपचारच रुग्णाच्या घरी नेता येईल काय?

जगात यासाठी तीन वाटा चोखाळल्या गेल्या आहेत. पहिली वाट चुंबकीय यंत्रच लहान करण्याची. सेकंदाला दहा स्पंदांऐवजी दुखणे सुरू होताच एकदोन स्पंद देणारे, दोन्ही हातांनी डोक्यामागे धरावयाचे उपकरण अमेरिकेत तयार झाले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, डोळ्यांपुढे तेजोरेषा दिसून मग अर्धशिशी उठणाऱ्या रुग्णांनी ते घरी वापरले. दोन तासांनी वेदनामुक्त झालेल्यांचे प्रमाण खऱ्या उपकरणाच्या गटात 39 टक्के, तर लटक्या उपकरणाच्या गटात 22 टक्के होते.

दुसरी वाट मेंदूऐवजी कपाळावरील चेतांना उद्दीपित करण्याची. बेल्जियममध्ये तयार झालेले हे उपकरण भुवयांच्या वर चिकटविले जाते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 67 रुग्णांनी ते रोज वीस मिनिटे, याप्रमाणे तीन महिने वापरले. महिन्यातील दुखण्याचे दिवस निम्म्यावर आलेल्यांचे प्रमाण 38.1 टक्के, तर लटक्या गटात 12.1 टक्के होते. मार्च 2014 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याच्या विक्रीला संमती दिली.

तिसरी वाट अतिशय दुर्बल अशा एकदिश प्रवाहाची आहे. क्षारयुक्त पाण्यात भिजविलेले दोन स्पंज पट्ट्याने डोक्यावर बसवून त्यांतून एक ते दोन मिलिअँपिअर प्रवाह वीस ते तीस मिनिटे सोडला जातो. त्यामुळे चेतापेशी एकदम उद्दीपित होत नाहीत; त्यांची उद्दीपित होण्याची तयारी तेवढी कमीअधिक होते. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे नित्शे आणि पाउलुस यांनी 2000 साली हा परिणाम मोजून दाखविला, तेव्हापासून या पद्धतीचा अभ्यास विशेष वाढला. तिचा उपयोग मुख्यतः नैराश्यावर तपासला गेला आहे. यंत्र लहान, स्वस्त आणि साध्या विद्युत्‌घटावर चालणारे असल्यामुळे घरात नेण्यास हीच पद्धत सर्वांत सोयीची वाटते.

येथे एका भीतीचे निरसन करणे आवश्यक आहे. मेंदूला वीज म्हटले, की लोकांच्या डोळ्यांपुढे मनोरुग्णालयातील विजेचा झटका उभा राहतो. त्या उपचारातील प्रवाह सुमारे आठशे ते नऊशे मिलिअँपिअर असतो आणि त्याने मुद्दाम आकडी आणली जाते. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध यांवाचून तो देण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी घातली आहे. येथे ज्याविषयी बोलले जात आहे, तो प्रवाह त्याच्या सुमारे चारशेव्या हिश्शाइतका आहे. दोहोंची गल्लत करणे म्हणजे दिव्याची वात आणि वणवा एकच समजणे होय. तथापि वातीनेही बोट भाजते, याचा विसर पडू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. घरगुती उपकरणाची रचना करणे म्हणजे रुग्णालयातील यंत्र आकाराने लहान करणे, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अपुरी आहे. रुग्णालयात यंत्राशेजारी एक माणूस उभा असतो. स्पंज पुरेसा ओला आहे की नाही, हे तो बोटाने चाचपून पाहतो. केस बाजूला सारून तो त्वचेपर्यंत वाट करतो. रुग्णाच्या चेहऱ्यावर वेदना दिसताच तो कळ बंद करतो. काल झोप झाली काय, कधी फेफरे आले होते काय, हे तो सहज बोलता बोलता विचारतो. या कामांची नोंद यंत्राच्या माहितीपत्रकात कोठेही नसते. परंतु यंत्र घरी गेले आणि तो माणूस मागे राहिला, तर ही सर्व कामे कोणी करावयाची? रचनाकाराचे खरे कार्य येथून सुरू होते. त्या माणसाचा हात, डोळा आणि सावधपणा यांचा जितका अंश उपकरणात उतरेल, तितके ते उपकरण घरी नेण्यास योग्य ठरेल.

हे कार्य उत्तर प्रदेशातील एखाद्या घराच्या संदर्भात पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होईल. प्रथम केसांचा विचार करू. आपल्याकडे केसांना तेल लावण्याची रीत आहे; आणि डोके दुखू लागले, की तेल हमखास चोळले जाते. तेलाचा पातळ थर बसलेल्या त्वचेला ओला स्पंज नीट भिडत नाही. मग सारा प्रवाह जेथे थोडासा स्पर्श झाला असेल त्या लहानशा जागेतून वाहू लागतो. पस्तीस चौरस सेंटिमीटर स्पंजावर पसरलेले दोन मिलिअँपिअर निरुपद्रवी असतात. तेच दोन मिलिअँपिअर नखाएवढ्या जागेत एकवटले, की त्वचा भाजू शकते. म्हणून उपकरणाने आरंभी व उपचार चालू असतानाही त्वचेचा विद्युत्‌रोध सतत मोजला पाहिजे आणि तो मर्यादेबाहेर गेल्यास आपण होऊन थांबले पाहिजे. प्रवाह एकदम सुरू वा बंद न होता सुमारे अर्ध्या मिनिटात हळूहळू चढला व उतरला पाहिजे. जाड वेणी आणि अंबाडा यांसह पट्टा बसतो की नाही, हेदेखील पाहणे प्राप्त आहे.

कपाळावर चिकटविण्याच्या उपकरणाची अडचण निराळी आहे. ज्या जागी ते बसवावयाचे, तेथेच टिकली किंवा कुंकू असते आणि चिकटद्रव्याचा अंश त्वचेवर राहिलेला असतो. मे-जून महिन्यांत लखनौचा पारा चाळिसाच्या वर जातो. घामाने चिकटपट्टी सुटते. स्पंजाबाहेर ओघळलेला घाम प्रवाहाला नको तेथे वाट करून देतो. पाण्याचाही प्रश्न आहे. नुसत्या पाण्याने रोध वाढतो. अंदाजाने घातलेले मीठ कधी कमी, कधी अधिक पडते. यावर सोपा उपाय म्हणजे मोजून भरलेले क्षारजल उपकरणाबरोबरच देणे. वीज गेलेली असली तरी उपचार अर्ध्यावर तुटू नये आणि दाब वरखाली झाला तरी त्याची झळ रुग्णाला पोहोचू नये, यासाठी उपकरण केवळ विद्युत्‌घटावर चालावे. शिवाय ते भारित होत असताना डोक्यावर चालूच होऊ नये, अशी त्याची जोडणी असावी.

उपकरण हाताळावयाचे कोणी, हाही प्रश्न रचनेच्याच कक्षेत येतो. अर्धशिशी उठलेल्या माणसाला उजेड सहन होत नाही. तेव्हा चकाकणाऱ्या पडद्यावरील बारीक अक्षरे त्याच्या काय कामाची? खिन्नतेने ग्रासलेल्या माणसाला तर उठून स्पंज भिजविण्याचाही उत्साह नसतो. पट्टा बसविण्याचे काम बहुधा घरातील सून, मुलगी किंवा आई करील. तिला वाचता येईलच, असे नाही. म्हणून सूचना तिच्या बोलीत ऐकू आल्या पाहिजेत. आणि पट्ट्याची घडणच अशी असावी, की तो उलटा बसूच नये.

सर्वांत महत्त्वाचा गुण अद्याप सांगावयाचा आहे. उपकरणाला नकार देता आला पाहिजे. वीस मिनिटांनी बरे वाटले, तर चाळीस मिनिटांनी दुप्पट बरे वाटेल, असे रुग्णाला वाटणे स्वाभाविक आहे. मेंदूच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. मात्रा वाढविल्यास परिणाम उलटाही होऊ शकतो. परदेशात काही निरोगी लोक बुद्धी तल्लख व्हावी म्हणून अशी यंत्रे घरीच जोडून वापरू लागले, तेव्हा 2016 साली अनेक संशोधकांनी जाहीर पत्र लिहून त्यांना सावध केले. न्यूयॉर्क येथे ली शार्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुविध काठिण्य या विकाराच्या रुग्णांसाठी एक चांगली पद्धत बसविली आणि 2015 साली तिचे नियम प्रसिद्ध केले. रुग्ण घरी पट्टा बांधतो, दूर बसलेला प्रशिक्षित सहायक चित्रसंवादातून तो तपासतो आणि सर्व ठीक असल्यासच त्या दिवसापुरता संकेतांक सांगतो. त्या अंकाने एकच मात्रा सुटते. दुसरी मात्रा हवी असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते. कुलपाची किल्ली वैद्याजवळ आणि पेटी रुग्णाजवळ, अशी ही व्यवस्था आहे.

ही किल्ली वैद्याकडे का असावी, याचे एक कारण उत्तर भारतात विशेष बळकट आहे. प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते. फीतकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन त्यांच्या पुटी बनतात आणि त्यांमुळे डोके दुखते व फेफरे येते, असा विकार या प्रदेशात पुष्कळ आढळतो. अशा रुग्णाच्या डोक्यावर चुंबकीय स्पंद देणे म्हणजे फेफऱ्याला निमंत्रण ठरू शकते. डोक्यात धातूचा तुकडा किंवा श्रवणयंत्राचा अंतर्गत भाग बसविलेला असणे, छातीत हृदयगती-नियामक असणे, या गोष्टीही आधी कळल्या पाहिजेत. निदान आधी आणि उपकरण नंतर, हा क्रम कोणत्याही परिस्थितीत उलटता कामा नये.

एवढे सर्व साधल्यावरही, उपचाराने गुण येतो काय, हा प्रश्न उरतोच. 2024 साली नैराश्यावरील घरगुती उपचाराचे दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. एक ब्रिटन व अमेरिका येथे 174 जणांवर दहा आठवडे झाला. त्यात नैराश्याच्या मोजपट्टीवरील गुण खऱ्या गटात सरासरी 9.41 ने, तर लटक्या गटात 7.14 ने उतरले. खरा उपचार सरस ठरला. दुसरा ब्राझीलमध्ये 210 जणांवर झाला आणि त्यात खऱ्या व लटक्या उपचारांत फरक आढळला नाही. पहिल्या प्रयोगात सुरुवातीला सहायक दुरून उपस्थित राहत असे. दुसऱ्यात रुग्ण आपले आपण उपचार घेत होते. परिणामांतील फरक याच कारणाने पडला, असे म्हणण्यास हे दोन प्रयोग पुरेसे नाहीत. परंतु माणसाची सोबत हा उपचाराचा भाग आहे काय, ही शंका त्यांनी निश्चित उपस्थित केली आहे.

आणि येथेच लखनौच्या त्या 33.3 टक्क्यांचे स्मरण व्हावे. लटक्या उपचाराने तिघांत एकाला आराम वाटतो. याचा अर्थ असा, की डोक्याला बांधावयाचे कोणतेही दिवे लागणारे यंत्र बाजारात आणले, तर त्याची स्तुती करणारे प्रामाणिक लोक सहज भेटतील. त्यांच्या अनुभवात खोटे काही नसेल; तरीही यंत्र निरुपयोगी असू शकेल. कर्नाटकातील एका पाहणीत वर्षभरात चौघांमागे एका प्रौढाला अर्धशिशीचा त्रास होतो, असे दिसून आले. एवढे ग्राहक जेथे आहेत, तेथे लटकी यंत्रे विकणाऱ्यांची कमतरता पडणार नाही. भारतात 2018 पासून वैद्यकीय उपकरणांचे नियम लागू झाले असून धोक्याच्या प्रमाणात त्यांचे चार वर्ग केले आहेत. एप्रिल 2020 पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. ग्राहकाने जाहिरातीतील अनुभवकथन वाचण्याऐवजी, लटक्या उपकरणाशी तुलना झाली आहे काय, असा एकच प्रश्न विचारला, तरी पुष्कळ नुकसान टळेल.

घरी नेण्याजोगे उपकरण येथील गरजेतून घडवावयाचे असेल, तर त्याची परीक्षा शहरातील वातानुकूलित खोलीत पुरी होणार नाही. बहराइचजवळच्या एखाद्या गावात, जून महिन्याच्या दुपारी, वीज गेलेली असताना, तेल लावलेल्या केसांवर, वाचता न येणाऱ्या सासूच्या हातून ते बसविले जाते काय, आणि नीट न बसल्यास ते चालू होण्याचे नाकारते काय, हे पाहावे लागेल. त्यासाठी अभियंता, मज्जाविकारतज्ज्ञ आणि गावातील आरोग्यसेविका यांनी आरंभापासून एकत्र बसणे आवश्यक आहे. आरोग्यसेविकेला केवळ वाटपाचे काम देऊन भागणार नाही. स्पंज का सुकतो, पट्टा का सैल होतो आणि रुग्ण चौथ्या दिवशी उपचार का सोडतो, याची उत्तरे मिळतील ती तिच्याकडूनच.

तोपर्यंत गोरखपूरहून येणारी गाडी रुग्णांना घेऊन लखनौला येतच राहील. त्यांतील काहींचा प्रवास वाचविणे आज शक्यतेच्या कोटीत आले आहे. प्रवास वाचला आणि देखरेखही गेली, असे मात्र होऊ नये.